सिस्टरची भांडी

“याची जोडी कुठे आहे, बाई?” हातिमभाईंनी विचारलं.

मोरपंखी काठाची ताटली त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती. उलटी करून ते तिच्या मागचा शिक्का वाचत होते.

“जोडी नाही. एकच आहे ती.”

“बरं. आणि ह्या गुलाबवाल्या कपाचे बाकीचे?”

“तोही एकच.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चोरीचा माल दाखवतेय की काय, असं मला उगाचच वाटलं. आणि मला असं काही वाटलं की मला राग येतो.

“सगळं एकेकच आहे,” मी म्हणाले. “एक ताट, एक वाडगा, एक कपबशी. आईचा संग्रह आहे हा, हॉटेलातली क्रॉकरी नाही.”

हातिमभाई पुण्याच्या कॅम्पातले, जुन्या वस्तूंचे व्यापारी. पांढरी दाढी, सोनेरी कलाबतूची टोपी आणि बोलण्यात एक प्रकारची अदब. रिकामी खोकी आणि रद्दीचे गठ्ठे टेम्पोत घालून ते सकाळीच आमच्या नगरच्या घरी हजर झाले होते. आईला जाऊन दोन महिने होत आले होते. बाबा तर कधीच गेले होते. घर विकलं गेलं होतं आणि ते रिकामं करायचं काम माझ्या गळ्यात होतं, कारण मी एकुलती एक. दिवाणखान्यातलं काचेचं कपाट तेवढं राहिलं होतं. ते आटोपलं की संध्याकाळी अंबूआत्याला भाड्याच्या गाडीत घालून मी पुण्याला निघणार होते. कायमची. म्हणजे आत्या कायमची माझ्याकडे येणार होती.

अंबूआत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न झालं त्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती या घराची होऊन राहिली. मला न्हाऊमाखू तिने घातलं, माझ्या वेण्या तिने घातल्या, गोवर आला तेव्हा उशाशी ती बसली. आई हॉस्पिटलात नर्स होती, तिच्या पाळ्या असायच्या. त्यामुळे मला आई दोन होत्या असं म्हटलं तरी चालेल, आणि त्यातली जास्त वेळ घरात असणारी आत्या होती.

“बाई, रागावू नका,” हातिमभाई म्हणाले. “माल एक नंबर आहे. विलायती आहे, जपानी आहे. पण लोक सेट घेतात. एका माणसाचा सेट कोण घेणार? एकटा माणूस असा थाटात जेवतो कधी?”

“माझी आई जेवायची.”

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांना सांगत असे. माझ्या लग्नात सांगितली होती, कॉलेजात आंतरजातीय विवाहांवर परिसंवाद झाला तेव्हा व्यासपीठावरून सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या.

गोष्ट अशी. माझे बाबा ब्राह्मण, डॉक्टर. आई महार कुटुंबातली, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, बाबांच्याच हॉस्पिटलात सिस्टर. पन्नास-एक्कावन्न साल असेल. बाबांनी कोणाला न जुमानता तिच्याशी लग्न केलं आणि तिला थेट घरी आणलं. नगरात बोभाटा झाला. पण आजीने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळला आणि सुनेला आत घेतलं. त्यानंतर नगरच्या कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मागे राहिलेल्या सामानाचा लिलाव असला की बाबा आईसाठी चिनी मातीचं एखादं सुरेख ताट नाहीतर कप घेऊन येत. मुंबईला गेले तरी आणत. दुसऱ्या बायकांना नवरे लुगडी आणतात, माझ्या आईला नवरा ताटं आणायचा. आई त्या ताटात जेवायची, त्या कपात चहा प्यायची. आम्ही सगळे स्वयंपाकघरात पाटावर बसायचो आणि आई मागच्या व्हरांड्यात टेबलखुर्चीवर, एखाद्या मडमेसारखी. शेजारी तिची पाण्याची सुरई. ती भांडी ती दुसऱ्या कोणाला घासूसुद्धा द्यायची नाही. जेवण झालं की अंगणातल्या नळाखाली स्वतः धुवायची, स्वतः पुसायची, स्वतः कपाटात ठेवायची.

“एवढा जीव होता तिचा,” मी म्हणाले. “मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, फुटेल.”

हातिमभाईंनी मान हलवली. “शौकीन होत्या.”

“फार.”

हे बोलताना मला आईचा इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून आले. त्यांनी सभ्यपणे तोंड फिरवलं आणि ते खालच्या कप्प्यातलं बाहेर काढू लागले. सगळ्यात तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक ताट निघालं. जाड, पांढरंफट, निळी रेघ असलेलं. काठाचा टवका गेला होता आणि मध्यभागी घासून घासून चकाकी उडाली होती.

“हे कसं आलं यात?” ते म्हणाले. “हे तर साधं खानावळीतलं. याला कोणी हात लावणार नाही, बाई.”

“असू दे बाजूला,” मी म्हणाले. “चहा घेणार ना? खूप वेळ झाला तुम्हाला येऊन.”

स्वयंपाकघरात आत्या पितळेची भांडी चिंचेने घासून, कोरडी करून पोत्यात भरत होती. सत्तरी कधीच ओलांडली होती, पण उत्साह दांडगा. पुण्याला माझ्या स्वयंपाकघरात ही पातेली कुठे मांडायची, ते तिचं ठरूनसुद्धा झालं होतं. गॅसवर दुपारचा भात होत होता.

“काय म्हणतोय तुझा भंगारवाला?” तिने विचारलं.

“भंगारवाला नाही गं. त्यांना कळतं त्यातलं. म्हणतात, माल एक नंबर आहे.”

“असणारच. दादा कधी डावं-उजवं आणायचाच नाही.”

मी चहा टाकला. तीन स्टीलचे पेले मांडले, गाळला आणि दोन उचलून निघाले.

“ते कुणाला?” आत्याने विचारलं.

“एक हातिमभाईंना, एक मला. तुझा इथे ठेवलाय.”

“अगं, आपल्या पेल्यात नको. बाहेर ढीग पडलाय ना, त्यातल्या एका कपात दे त्यांना.”

“ते विकायचेत, आत्या.”

“मग विकण्याआधी एकदा प्यायला तर काय बिघडलं? धुवून घेतील त्यांचे ते.” ती हसली. “अजून आजचा दिवस घर आपलं आहे, बेबी. बाहेरच्या माणसाला सिस्टरच्या भांड्यातच द्यायचं.”

आत्या आईला सिस्टर म्हणायची. पहिल्यापासून. मला ते थट्टेचं, लाडाचं वाटायचं. नणंद भावजयीला हॉस्पिटलातल्या नावाने हाक मारते, याची मला गंमत वाटायची.

“आईच्या इतक्या जपलेल्या भांड्यांत तू बाहेरच्यांना चहा द्यायला सांगतेस?” मीही हसत म्हणाले.

आत्याने हातातला तांब्या पुसता पुसता वर पाहिलं. तिला खरंच माझा प्रश्न कळला नव्हता.

“मग ती होती कशाला?” ती म्हणाली.

मी पेले ओट्यावर ठेवले. हात भाजायला लागला होता म्हणून ठेवले, दुसरं काही कारण नव्हतं. अजून माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

“कशाला होती म्हणजे?”

“बेबी, वेड पांघरतेस का? पितळेला विटाळ झाला तर विस्तवात घालून घ्यावं लागतं. रोज कोण घालत बसणार? चिनी माती मुळात सोवळ्यात चालतच नाही, तिला आणखी काय व्हायचंय? म्हणून ती सिस्टरला.” मग ती थांबली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. “तुला ठाऊक नव्हतं?”

मी तिथेच पोत्याशेजारी खाली बसले. बाहेर हातिमभाई रद्दीत काहीतरी गुंडाळत होते, त्याची सळसळ येत होती. ती थांबली.

“तुला ठाऊक नव्हतं होय?” आत्याने पुन्हा विचारलं. “मला वाटलं, मोठी झाल्यावर तुझं तुला कळलं असेल. एवढी शिकलीस.”

“आजीने तिला ओवाळून घेतलं होतं.”

“घेतलं ना. घरात घेतलं. स्वयंपाकघरात नाही.” आत्याच्या आवाजात ना राग होता ना लाज. बोरं वाळवायची कशी हे सांगावं, तशी ती सांगत होती. “तुझी आजी म्हणाली, घरात राहू दे, पण माझ्या भांड्याला तिचा हात लागता कामा नये आणि हा उंबरा तिने ओलांडता कामा नये. दादा चिडला. म्हणाला, मग मीही तिच्याबरोबर व्हरांड्यात जेवीन. बसला एक दिवस. तर तुझ्या आजीने अन्न सोडलं. पाणीसुद्धा घेईना. डोळे पांढरे व्हायची वेळ आली, तेव्हा दादा मुकाट्याने येऊन पाटावर बसला.”

“आणि आई?”

“तिला तुझ्या आजीने बाजारातून ताट मागवून दिलं. पांढरं, निळ्या काठाचं. तिने घेतलं.”

“काही म्हणाली नाही?”

“काय म्हणणार? पुसून घेतलं आणि म्हणाली, वाढा.”

ते ताट मी आत्ताच पाहिलं होतं. याला कोणी हात लावणार नाही, असं हातिमभाई म्हणाले होते.

“दादाला ते बघवेना,” आत्या सांगत होती. “मग तो लिलावातून आणायला लागला. मला म्हणाला, अंबू, वेगळंच ताट द्यायचं तर निदान असं देईन की बघणाऱ्याला तो मान वाटेल. आणि वाटायचाच की! लोक मुद्दाम कपाट बघायला यायचे.”

माझी सगळी गोष्ट जागच्या जागी होती. तेच टेबल, तीच सुरई, तोच अंगणातला नळ, तीच स्वतः धुतलेली ताटली. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि तीच गोष्ट मी व्यासपीठावरून सांगून टाळ्या घेतल्या होत्या, तेव्हा आई पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या तिनेही वाजवल्या होत्या.

“आत्या, आजी तर मी शाळेत असतानाच गेली. मग पुढे कोण होतं?”

आत्याने हातातला तांब्या पोत्यात ठेवला.

“पुढे या स्वयंपाकघरात तूच होतीस ना?”

“होते.”

“मग?”

“मग काय? चालत आलेलं होतं. तिला काही वाटत नव्हतं गं. आम्ही दोघी संध्याकाळी अंगणात गप्पा मारायचो. माझे गुडघे ती चेपून द्यायची. तिच्या आजारपणात मीच सगळं केलं ना? वेळच्या वेळी पेज मी दिली. तूच म्हणालीस, आत्या, तू होतीस म्हणून.”

म्हणाले होते. आईच्या खोलीच्या दाराशी आत्या पेज घेऊन यायची, ती मला आठवली. हातात स्टीलचं पातेलं. आईच्या उशाशी चिनी मातीचा वाडगा असायचा. पातेल्यातून वाडग्यात पेज पडायची तो आवाज मला आठवला. मी बाजूलाच बसलेली असायचे.

“तिने मला कधी का नाही सांगितलं?”

“तिनेच शपथ घातली होती आम्हाला. तू झालीस तेव्हा. म्हणाली, माझी पोर तुमच्याबरोबर आत बसणार, तुमच्याच ताटात जेवणार आणि तिला यातलं काही कळणार नाही. एवढं कबूल असेल तर मी जन्मभर व्हरांड्यात जेवीन. तुझ्या आजीने कबूल केलं.” आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तू आमची गं. तुला कधी काही कमी केलं का मी? माझ्या ताटातला घास तुला भरवलाय.”

हा हात मला आयुष्यभर फार आवडत आला होता. तो तसाच मऊ होता. मी उठले.

बाहेर हातिमभाई खुर्चीच्या कडेवर बसले होते. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. ते उठून उभे राहिले.

“चहा राहू द्या, बाई,” ते हळूच म्हणाले. “मी नंतर येऊ का? दुसऱ्या दिवशी?”

“नको. घेऊन जा सगळं. तुम्हाला योग्य वाटेल तो भाव द्या.”

“सगळं?”

“ते निळ्या काठाचं सोडून.”

त्यांनी ते ताट दोन्ही हातांनी उचलून मला दिलं. आणखी एक शब्द बोलले नाहीत, त्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

टेम्पो गेला तेव्हा भात झाला होता. आत्याने नेहमीसारखे दोन पाट मांडले होते, शेजारी शेजारी, आणि दोन स्टीलची ताटं. वांग्याची भाजी, वरण, लिंबाची फोड. या घरातलं शेवटचं जेवण म्हणून तिने लोणकढं तूपही काढलं होतं. मी अंगणातल्या नळाखाली ते ताट धुतलं. पुसलं. आत आले, माझ्यासमोरचं स्टीलचं ताट बाजूला केलं आणि तिथे ते ठेवलं.

“हे काय, बेबी?”

“भूक लागलीय. वाढ.”

“अगं, पण...”

“वाढ ना, आत्या.”

आत्याने पितळेची भातवाढी भरली. ती मला वाढायची तेव्हा मूद ताटात नीट बसवायची, वर भातवाढीने थोपटायची आणि त्यात बोटाने खळगा करून तूप घालायची. लहानपणापासून तसंच. आत्ताही ती तशीच माझ्याकडे वाकली. आणि तिचा हात मध्येच थांबला. ताटापासून वीतभर वर. तिथूनच भात पडला. थप्प.

तो आवाज मला ओळखू आला. व्हरांड्यातल्या टेबलावरून तो रोज यायचा.

मला वाटतं, आत्यालाही कळलं. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिने तो मुद्दाम थांबवला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिचे डोळे भरून आले.

“बेबी, ते ताट बदल बाई,” ती म्हणाली. “मला नाही जमत.”

“पुण्याला रोज मी यातच जेवणार आहे.”

“माझ्यावर राग धरू नकोस.”

“राग नाही. थोडा आणखी वाढ.”

तिने पुन्हा भातवाढी भरली आणि पुन्हा तिथेच, वरच्या वर धरली. ती माझी वाट पाहत होती, मी तिची. मग मी खालून ताट उचललं. भातवाढीला टेकेपर्यंत उचललं. पितळेवर चिनी माती वाजली, अगदी बारीक.

भात ताटात उतरला. रिकामी भातवाढी आत्याच्या हातात राहिली.

तिचं स्वतःचं ताट रिकामं होतं. पातेल्यात भात होता, वाफ येत होती. एवढंच करायचं होतं, भातवाढी परत पातेल्यात घालायची आणि स्वतःला वाढून घ्यायचं. मी जेवायला सुरुवात केली नाही. मी बघत बसले. माझ्या मनात नुसतं एकच चाललं होतं, घाल, आत्या. घाल ती. आईसाठी नको घालूस, माझ्यासाठी घाल.

आत्याने बराच वेळ भातवाढीकडे पाहिलं. मग ती फरशीवर ठेवली, पातेल्यापासून लांब. पदराने डोळे पुसले.

“मला आज भूक नाही,” ती म्हणाली आणि पाटावरून उठली.

मी जेवले. सगळं जेवले. स्वयंपाकघरात, पाटावर, आईच्या ताटात, एकटी. मग ताट नळाखाली धुतलं.

संध्याकाळी आम्ही निघालो. आत्याने पितळेची सगळी पोती बरोबर घेतली, फक्त ती भातवाढी शेजारणीला देऊन टाकली. ताट मी डिकीत टाकलं नाही, मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने गाडी पुण्याच्या रस्त्याला घातली, तशी मागच्या सीटवर आत्या माझ्याकडे सरकली आणि तिने माझा हात धरला. शाळेत सोडायला यायची तेव्हा धरायची तसा, घट्ट. दिवसभराची उपाशी होती ती. तिचा हात गार पडला होता.

मी तो सोडवला नाही. आवळलाही नाही. दुसऱ्या हाताने मांडीवरचं ताट धरून बसले.